शाळेचं सांडपाणी शाळेच्या आवारातच

कोल्हापूर शहरातून पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा अशा कुठल्याही बाजूला बाहेर पडा. वस्ती संपत नाही, भुयारी गटार मात्र संपतं. शहराभोवतीची ४२ गावं घेऊन २०१७ साली नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं. इमारती वाढल्या, शाळांच्या तुकड्या वाढल्या, पण शाळेच्या संडासातलं पाणी कुठे जातं असं विचारलं तर उत्तर मिळतं, "मागे टाकी आहे ना." टाकीच्या पुढे काय, हे विचारायचं राहूनच जातं. राधानगरी-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर किंवा शिरोळच्या पूरपट्ट्यात तर भुयारी गटाराची वाट पाहण्यात अर्थच नाही. तिथल्या शाळेला आपल्या सांडपाण्याचं काय करायचं ते आवारातच करावं लागणार आहे, आणि ते नीट करता येतं.

टाकीच्या पुढे बहुतेक ठिकाणी एक चार इंची पाइप असतो आणि तो उघड्या गटारात सोडलेला असतो. गटार ओढ्याला मिळतं, ओढा पंचगंगेला, पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला. शहराचं सांडपाणी नदीला नेणारे जयंती नाला आणि दुधाळी नाला कोल्हापूरकरांना पाठ आहेत, नदीच्या प्रदूषणाचा वाद उच्च न्यायालयात गेल्याचंही ठाऊक आहे. गावातल्या शाळेमागचा तो पाइप मात्र कुणाच्या हिशेबात नसतो. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो माणसं आजारी पडली, काहींचे जीव गेले. मैल्याचं पाणी पिण्याच्या पाण्यात उतरलं की काय होतं हे या जिल्ह्याने पाहिलेलं आहे. शाळेत तर धोका आणखी जवळचा, कारण अनेक ठिकाणी ज्या आवारात शोषखड्डा असतो त्याच आवारातल्या बोअरचं पाणी मुलं पितात.

हा लेख मुख्याध्यापकांसाठी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी आणि ज्यांच्या सहीने पैसा सुटतो त्या ग्रामपंचायतीसाठी आहे. कंपनीचा प्रतिनिधी माहितीपत्रक घेऊन येण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत: पाणी किती आणि कुठलं, जमीन कसली, आणि टाकी भरल्यावर ती उपसणार कोण. यंत्र कोणतं घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा. बंद पडलेल्या बहुतेक व्यवस्थांमध्ये तो प्रश्न आधी विचारला गेलेला असतो.

शाळा म्हणजे मोठं घर नव्हे

भारतीय मानकांत दिवसभराच्या शाळेसाठी दरडोई ४५ लिटर पाणी धरलेलं आहे. कागदावर हा आकडा ठीक आहे, पण खेड्यातल्या शाळेत नळाला तेवढं पाणीच नसतं. मूल दिवसाला दहा-पंधरा लिटर वापरतं. अंदाजाने टाकी बांधण्यापेक्षा मोजून घ्या. शाळा भरायच्या आधी आणि सुटल्यावर गच्चीवरच्या टाकीतली पातळी आठवडाभर वहीत लिहा, मध्ये पाणी भरलं असेल तर तेही लिहा. हे काम सातवीची मुलंही करू शकतात.

घराचं सांडपाणी दिवसभर थोडं थोडं येतं. शाळेचं येतं ते मधल्या सुट्टीत, एकदम. दहा मिनिटांत शंभर मुलं मुतारीवर जातात आणि मग दीड तास काही नाही. रविवारी काही नाही, दिवाळीत तीन आठवडे काही नाही, मे महिन्यात काही नाही. दुसरी गोष्ट, शाळेच्या सांडपाण्यात मैला कमी आणि लघवी फार. मुलं शौचाला शक्यतो घरीच जाऊन येतात. लघवीत नत्र भरपूर, म्हणून वास अमोनियाचा. आणि सेप्टिक टँक नत्र काढत नाही. घरासाठी बनवलेला नकाशा मोठा करून शाळेला बसवला की याच दोन ठिकाणी तो फसतो.

म्हणून पहिलं काम नळजोडणीचं आहे आणि ते सगळ्यांत स्वस्त आहे. संडासाचं पाणी, मुतारीचं पाणी आणि हात-भांडी धुतल्याचं पाणी या तीन लाइन वेगळ्या काढा. नवीन स्वच्छतागृह बांधत असाल तर नकाशातच तसं दाखवायला सांगा. जुनं असेल तर निदान हात धुण्याचं पाणी तरी सेप्टिक टँकमधून बाहेर काढा. साबणाचं स्वच्छसं पाणी मैल्यात मिसळून त्याचाही मैला करायचा आणि मग सगळंच शुद्ध करायला यंत्र शोधायचं, यात शहाणपण नाही.

हात धुण्याचं पाणी सोपं आहे. शालेय पोषण आहाराच्या भांड्यांमधून भाताची शितं, डाळ आणि तेलकटपणा येतो, तेवढा अडवावा लागतो. भांडी घासायच्या कट्ट्याच्या तोंडाशी काढता-घालता येणारी स्टीलची जाळी, पुढे दोन फुटी चौकोनी चेंबर. चेंबरमधून पाणी बाहेर जाणारा पाइप खाली वाकवलेला ठेवा, म्हणजे वर तरंगणारं तेल आतच राहतं. जाळी रोज, चेंबर आठवड्याला साफ करायचा. तिथून पाणी परसबागेतल्या केळीला, नारळाला, नाही तर शोषखड्ड्याला. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे शोषखड्डे घेऊन गावातली उघडी गटारं आणि त्याबरोबर डास घालवले, तो नमुना महाराष्ट्रभर गेला. चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-खडी, वरून झाकण. पाणी आधी टाकीत थांबतं, गाळ तिथेच बसतो, खडी तुंबत नाही. मात्र या खड्ड्यात संडासाचं पाणी सोडायचं नाही.

जमीन तपासल्याशिवाय नकाशा नको

कोल्हापूर जिल्ह्याची पंचाईत अशी की शंभर किलोमीटरच्या आत सगळंच बदलतं. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, शिरोळात पाचशे-सहाशे. पश्चिमेला आजरा, चंदगड, शाहूवाडी, पन्हाळ्याच्या माथ्यावर जांभा. मध्ये मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पूर्वेला नदीकाठची काळी माती, आणि उसाला पाणी देऊन देऊन शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेली जमीन. जिल्हाभर एकच नकाशा मंजूर करून सगळ्या शाळांना तोच शोषखड्डा देणं म्हणजे निम्म्या शाळांत तो तुंबणार हे आधीच मान्य करणं.

जमीन पाणी किती पिते हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे, त्याच्या निम्म्या खोलीपर्यंत उतरून, तळाला फूटभर व्यासाचा आणि दीड-दोन फूट खोल छोटा खड्डा काढा. फावड्याने किंवा पहारीने बाजू घासून गुळगुळीत झालेल्या असतात, त्या खिळ्याने खरवडून घ्या, नाही तर मातीचं तोंड बंद राहतं. तळाला दोन इंच बारीक खडी टाका. संध्याकाळी फूटभर पाणी भरा आणि रात्रभर मुरू द्या. कोरडी माती पहिल्यांदा हावरटासारखं पाणी पिते, ती तिची खरी भूक नसते. सकाळी पुन्हा खडीच्या वर सहा इंच पाणी भरून मोजपट्टी रोवा आणि दर अर्ध्या तासाने पातळी लिहा. दोन वेळा लागोपाठ सारखं उतरू लागलं की तो आकडा खरा. त्यावरून २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाणी उतरायला किती मिनिटं लागली ते काढा.

त्या मिनिटांचं वर्गमूळ काढून २०४ ला त्याने भागा. आलेला आकडा म्हणजे शोषखड्ड्याच्या भिंतीचा एक चौरस मीटर भाग रोज किती लिटर पाणी पिऊ शकेल तो. नऊ मिनिटं लागली तर ६८ लिटर; पंचवीस मिनिटं लागली तर ४१. रोजचं दोन हजार लिटर पाणी असेल तर पहिल्या जमिनीत सुमारे ३० चौरस मीटर भिंत लागते, दुसऱ्या जमिनीत जवळजवळ ५०. तळ यात धरायचा नाही, कारण तो गाळाने लवकर बंद होतो. आता गावात सर्रास बांधतात तो पाच फुटी व्यासाचा आणि सहा फूट खोल खड्डा घ्या: त्याची भिंत जेमतेम नऊ चौरस मीटर भरते. तो पहिल्या पावसातच का उफाळतो हे गणितातच दिसतं. खोल खड्ड्यापेक्षा लांब उथळ चर घेतले तर तेवढ्याच खोदाईत जास्त भिंत मिळते आणि भूजलापासून अंतरही राहतं.

ही चाचणी मे महिन्यात करू नका. काळी माती तेव्हा भेगाळलेली असते, पाणी भेगांतून धो धो जातं आणि जमीन उत्तम निचऱ्याची आहे असा दाखला मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीच माती फुगून घट्ट होते. पावसाळ्यात घेतलेलं मोजमापच धरा. तासाभरात इंचभरही पाणी उतरलं नाही, किंवा खड्डा खणतानाच पाझर लागला, तर शोषखड्ड्याचा नाद सोडा.

जांभ्याचा धोका उलटा आहे. तिथे पाणी छान जातं, पण जातं कुठे? भेगाळलेल्या दगडातून न गाळलं जाता थेट खालच्या झऱ्याला. मानकांनुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवा. जांभ्यात आणि फुटलेल्या काळ्या पाषाणात मी ३० मीटरच्या आत मान्य करणार नाही, आणि विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर तेवढ्यावरही समाधान मानणार नाही. आवार लहान असेल तर खड्ड्याची जागा नकाशात नीट बसते का यापेक्षा शेजारच्या शेतातली विहीर कुठे आहे हे आधी बघा.

कोणत्या शाळेला काय

पन्नास-साठ पटाची वाडीवरची शाळा, मुरमाड निचऱ्याची जमीन, भूजल खोल. इथे दोन शोषखड्ड्यांचा संडास पुरतो आणि त्याहून चांगलं दुसरं काही नाही. कोकणात अप्पा पटवर्धनांनी, देहूत डॉ. मापुस्करांनी अशा साध्या संडासांसाठी आयुष्य घातलं. मापुस्कर १९५९ साली आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणून देहूला आले आणि तिथलेच झाले. २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोन खड्डे, मध्ये एक चेंबर. एक वापरायचा, भरला की तोंड बंद करून दुसरा सुरू करायचा. बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत कोरडं, वास नसलेलं खत होतं. टँकर लागत नाही, आणि डोंगरातल्या वाडीवर टँकर येतच नाही. सव्वा मीटर व्यासाचे आणि दीड मीटर खोल असे दोन खड्डे घ्या. पण त्यात फक्त संडास जोडा. दिवसाला वीस-पंचवीस जण जातील, प्रत्येकी पाच-सहा लिटर पाणी. एवढं ते खड्डे सहज पितात. मुतारीही जोडली तर खड्डा कायम पाण्याने भरलेला राहील आणि खत कधीच होणार नाही. मुतारीचं पाणी वेगळ्या चरात न्या आणि चरावर केळी, कर्दळ, बांबू लावा. खड्ड्याच्या विटांची खालची जाळी उघडी राहिली पाहिजे. चांगलं काम म्हणून गवंडी आतून गिलावा करतात, तो करू देऊ नका.

दीडशे-दोनशेच्या वर पट असला की सेप्टिक टँक लागतो. टँक शुद्ध करत नाही, तो फक्त गाळ बसवतो. बाहेर पडणारं पाणी दिसायला पातळ असलं तरी रोगजंतू त्यात जवळपास तसेच असतात, म्हणून टँकनंतर पुढची पायरी नाही असा नकाशा परत पाठवा. दोनशे मुलांची शाळा, संडास-मुतारीचं रोज दोन हजार लिटर पाणी, असं धरलं तर ३.६ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि आत १.७ मीटर पाणी राहील असा टँक घ्यावा. त्यात नऊ हजार लिटर मावतात. दोन दिवसांचं पाणी आणि तीनेक वर्षांचा गाळ. आतली आडभिंत अशी की पहिला कप्पा दोन तृतीयांश. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही तोंडांना 'टी' हवा, नाही तर वरची साय थेट पुढे जाते. वायूनळी छपराच्या वर दोन मीटर न्या आणि तिच्या तोंडाला जाळी लावा. ती जाळी नसली की टँक डासांचा कारखाना होतो. बांधून झाला की पाण्याने काठोकाठ भरून खूण करा आणि चोवीस तासांनी पातळी बघा. उतरली असेल तर ठेकेदाराला बिल देऊ नका.

टँकच्या पुढे चार अरुंद कप्पे जोडले की मामला बदलतो. प्रत्येक कप्प्यात पाणी तळाशी सोडायचं, ते गाळातून वर चढतं आणि पुढच्या कप्प्याच्या तळाला जातं. गाळातल्या जिवाणूंशी प्रत्येक थेंबाची गाठ पडते. वीज नाही, पंप नाही, फिरणारा एकही भाग नाही. वर सांगितलेल्या टँकच्याच रुंदीचे, प्रत्येकी ६० सेंटिमीटर लांबीचे कप्पे घेतले तर मधल्या सुट्टीच्या लोंढ्यातही पाणी वर चढण्याचा वेग ताशी एक मीटरच्या आत राहतो, गाळ वाहून जात नाही. सुरुवातीला घमेलंभर शेणकाला टाका. बाजारातल्या जिवाणूंच्या पुड्यांची गरज नाही. मैल्यात जिवाणू असतातच.

त्यानंतर खडीचा वाफा, आणि माझ्या मते कोल्हापूरच्या शाळांसाठी हा सगळ्यांत मोलाचा भाग आहे. दहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, दोन फूट खोल, तळाला जाड प्लास्टिक किंवा काँक्रीट, एक टक्का उतार. दोन्ही टोकांना मुठीएवढे दगड, मध्ये दहा ते वीस मिलिमीटरची खडी, धुतलेली. धुतलेली हा शब्द कामाच्या आदेशात लिहा. क्रशरची भुकटी राहिली तर वाफा वर्षभरात तुंबतो. खडीत कर्दळ, पाणकणीस लावायचं. पाणी खडीच्या दोन-तीन इंच खालून वाहतं, वर दिसत नाही, म्हणून डास नाहीत आणि मुलांचा हात लागत नाही. मुळं आणि खडीवर वाढलेले जिवाणू उरलेली घाण खातात. नागपूरच्या नीरी संस्थेने याच तत्त्वावर 'फायटोरिड' तयार केलं आहे. मे महिन्यात शाळा बंद असली तरी कर्दळीचे कंद तग धरतात आणि जूनमध्ये पाणी आलं की उठतात. विजेवर चालणाऱ्या टाकीतले जिवाणू असे उठत नाहीत. वाफ्याभोवती फूटभर उंच कठडा घाला, पावसाचं वाहतं पाणी आत येता कामा नये. बाहेर पडणारं पाणी झाडांच्या मुळाशी, नळीतून द्या. पालेभाजीला किंवा कच्च्या खायच्या कशालाही नको.

काळ्या मातीच्या आणि क्षारपड जमिनीच्या गावांना हाच मार्ग आहे. वाफा जमिनीच्या वर उचलून घ्यायचा, आणि शेवटचं पाणी शोषखड्ड्याऐवजी बांबू-निलगिरीच्या पट्ट्याला द्यायचं.

बायोगॅसचं नाव कोल्हापुरात निघतंच, कारण या जिल्ह्यात घरोघरी गोबरगॅस पाहिलेला आहे. दिवसाच्या शाळेत तो घेऊ नका. लघवीतून गॅस होत नाही आणि सुट्टीत संयंत्र उपाशी राहतं. वसतिगृहात मात्र जरूर घ्या. शाहू महाराजांनी १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांसाठी बोर्डिंगं काढली, त्या परंपरेतली वसतिगृहं आणि आश्रमशाळा जिल्ह्यात आजही आहेत. तिथे मूल चोवीस तास राहतं, एका माणसामागे रोज साधारण एक घनफूट गॅस मिळतो, शिवाय स्वयंपाकघराचं खरकटं. शंभर मुलांमागे जवळजवळ तीन घनमीटर. एका वेळच्या चुलीला चांगला हातभार. देहूत मापुस्करांनी संडासाला जोडलेली बायोगॅस संयंत्रं याच विचाराची.

आणि ते तयार मिळणारं यंत्र, ब्लोअर आणि पंपवालं? वीस-पंचवीस हजार लिटर पाण्याचं मोठं निवासी संकुल असेल, पगारी चालक असेल, अखंड वीज असेल, तर विचार करा. जिल्हा परिषदेच्या शाळेला ते देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विजेचं बिल कुठल्या खर्चात टाकायचं हे जिथे ठरत नाही, तिथे ब्लोअर पहिल्या वर्षीच बंद पडतो आणि घाण पाणी त्यातून जसंच्या तसं पुढे जातं. 'खास जिवाणू' असलेली फायबरची टाकी विकायला येईल. घ्यायची तर घ्या, पण तिच्यामागेही वाफा किंवा चर लागतोच.

पुराच्या गावांसाठी

२०१९ आणि २०२१ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या पलीकडे गेली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळ-कुरुंदवाडच्या शाळांना हे आकडे सांगायची गरज नाही. इथे स्वच्छतागृहाचा जोता पुराच्या खुणेच्या वर न्या, टँक निम्मा जमिनीवर आला तरी चालेल. झाकणं रबरी पट्टीची आणि आवळून बसणारी, बाहेरच्या पाइपवर उलटं पाणी अडवणारी झडप. आणि पूर ओसरल्या ओसरल्या टँक उपसू नका. जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामा टँक खालच्या दाबाने वर उचलला जातो, पाइप तुटतात, भिंतीला तडा जातो. आठ-पंधरा दिवस थांबा, तोवर मुलांसाठी तात्पुरती सोय करा, आणि विहीर-बोअर तपासून घेतल्याशिवाय पाणी पिऊ देऊ नका.

टाकी भरल्यावर

एक लांब बांबू घ्या, त्याच्या खालच्या टोकाला पांढरा पंचा गुंडाळून सुतळीने बांधा. टँकचं झाकण उघडून थोडा वेळ थांबा, वास निघून जाऊ द्या. बांबू सावकाश तळापर्यंत सोडा, दोन मिनिटं ठेवा, सावकाश वर काढा. पंच्याचा जेवढा भाग काळा झाला तेवढा गाळ. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशावर गेले की गाडी बोलवायची. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सुट्टीत आणि मार्चअखेर हे मोजायचं. उपसा मे महिन्यात करून घ्यायचा. थोडा गाळ तळाला राहू द्या, तो पुढच्या वर्षीचं विरजण आहे.

आत माणूस उतरता कामा नये. एक मिनिटासाठी नाही, दोर बांधून नाही, पडलेली बादली काढायला नाही. टँकमधला वायू श्वासाबरोबर माणसाला आडवा करतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच जातो. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. गावातल्या ज्या माणसाला "तू नेहमी करतोस ना" म्हणून बोलावलं जातं, त्याला बोलावू नका. आणि झाकण नेहमी कुलूपबंद ठेवा. फुटकी फरशी टाकून ठेवलेला टँक मैदानाच्या कडेला असणं आणि त्याच्यावरून मुलं पळत असणं, हे पाहिलं की दुसरं सगळं काम बाजूला ठेवून आधी झाकण बसवा.

गाडीवाल्याला विचारा, नेऊन कुठे टाकतोस? उत्तर ओढा किंवा शेत असेल तर तुम्ही केलेलं सगळं वाया. गाडी नगरपालिकेच्या किंवा महानगरपालिकेच्या प्रक्रिया केंद्रावर जाईल अशी लेखी व्यवस्था ग्रामपंचायतीमार्फत करून घ्या. शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाई नगरपालिकेने मैला प्रक्रिया केंद्र उभारून शहरातले सगळे सेप्टिक टँक तीन वर्षांच्या फेरीने, तक्रारीची वाट न पाहता उपसायला सुरुवात केली. पाच-सहा गावांच्या शाळा आणि ग्रामपंचायती एकत्र आल्या तर तसं वेळापत्रक इथेही लावता येतं.

रोजच्या वापरातलं थोडं. ॲसिड आणि फिनेल हात आखडून वापरा, जास्त झालं की टँकमधले जिवाणू मरतात. सॅनिटरी पॅड टाकायला मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची पेटी आणि ती रोज रिकामी करणारी बाई, दोन्ही हवेत. पेटी नसली की पॅड संडासात जातं, लाइन चोक होते आणि दोष मुलींच्या माथी मारला जातो. छपराचं पन्हाळीचं पाणी चुकूनही टँकला जोडू नका.

पैशाचं म्हणाल तर वित्त आयोगाच्या बंधित निधीतून ग्रामपंचायतीला सांडपाण्याची कामं घेता येतात, शोषखड्डे रोजगार हमीतून झालेले आहेत. मात्र काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आलेलं असावं लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांनीच ग्रामसभेत विषय मांडला तर तो मागे पडत नाही. बांधकामाच्या अंदाजपत्रकातच पुढच्या दोन उपशांचा खर्च धरायला सांगा.

आदेश काढताना शेवटचा हप्ता एक पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवा. जुलैमध्ये आवार भिजलेलं असताना, मधल्या सुट्टीनंतर, वाफ्याच्या बाहेरच्या तोंडाशी काचेच्या बाटलीत पाणी भरून घ्या आणि जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला द्या. पाइप कुठून कुठे गेला आहे, झाकणं कुठे आहेत, शेवटचा उपसा कधी झाला, याचा एक नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि बदली होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या पदभार यादीत टँकच्या कुलपाची किल्ली लिहा.